इंदूच्या अंगातलं लोखंड

८ जानेवारी १९५६, रविवार. जळगाव.
आज इंदूला पकडलं. सून माझी, पण चोरासारखी पकडली. चुलीमागच्या भिंतीचा पोपडा काढून तोंडात घालत होती. पदराच्या गाठीत आणखी खडे, भाजक्या मातीचे. म्हटलं, "अगं, घरातली ज्वारी संपली का, म्हणून भिंत खातेस?" हसली नाही. "आत्याबाई, राहवत नाही. नव्या माठासारखा वास येतो मातीला. तोंडात टाकली की बरं वाटतं."
जिजी (थोरल्या जाऊबाई) कालच यावलहून आलेली. तिनं टाळीच वाजवली. "डोहाळे गं, डोहाळे! अक्का, आजी होणार तू." इंदू तीन महिन्यांत बाजूला बसलेली नाही हे जिजीच्या ध्यानात, माझ्या नाही.
आनंद झाला. लग्नाला दोन वर्षं झाली पोरांच्या. परभाला, माझ्या पोराला, सांगितलं तर कानाच्या पाळ्या लाल. तेवढंच बोलणं त्याचं.
इंदू मात्र खाली बघत राहिली. लाजते, म्हणाली जिजी. मलाही तेच वाटलं.

१४ जानेवारी. संक्रांत.
इंदूला समोरच्या घरी हळदीकुंकवाला पाठवलं. मी विधवा, जात नाही. तीन पायऱ्या त्यांच्या. तिसरीवर खाली बसली म्हणे. समोरची सांगत आली, "अक्का, तुमची सून म्हातारीसारखी धापते हो."
बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. नखं बघितली. मधे खोलगट, चमच्यासारखी. पाण्याचा थेंब ठेवला तर ठरेल. असं कधी पाहिलं नव्हतं. जिजी म्हणते पहिलटकरणीचं असंच असतं. तिला पाच झाली, मला एकच. म्हणून तिचं ऐकते.

२ फेब्रुवारी, गुरुवार.
डॉक्टरकडे नेली. डॉ. सगळा वेळ परभाकडे बघून बोलत होता, जणू दिवस परभालाच गेलेत. इंदूची खालची पापणी ओढली, सोडली. "कितवा?" प. म्हणाला चौथा. "रक्त कमी आहे. होतं असं. लोखंडाच्या गोळ्या द्या, रोज तीन, जेवल्यावर." झालं. पोटाला हात नाही, काही होतं का म्हणून विचारणं नाही. इंदूनं तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगणार होती. तोवर प. टोपी घालून उठला.
माणसाच्या अंगात लोखंड असतं हे आज कळलं. बावन्न वर्षं जगले, कोणी सांगितलं नाही.

१२ फेब्रु., रवि.
ओटी भरली. माझ्या हातची चालत नाही, जिजीनं भरली. आबांनी (थोरले दीर) हिरवं लुगडं आणलं, मळ्यातला केळीचा घड आणला. इंदू पाटावर बसलेली, तोंड पिठासारखं पांढरं. अर्ध्यातून उठून परसात गेली. बराच वेळ आली नाही. बायका हसायला लागल्या. "पोटात आत्तापासून धावपळ, मुलगाच!"
मी पण हसले.

२१ फेब्रु., मंगळ.
तुळशीमागं माती उकरलेली दिसली. आत गोळ्या. पुरून ठेवल्यात बाईनं. माझं डोकंच फिरलं. गल्ली गोळा होईल इतकी ओरडले. "तुझ्या जिवाची पर्वा नसेल तर नसू दे, पोटातल्याची तरी ठेव!"
ती भिंतीला टेकून म्हणाली, "पोटात आग पडते त्यानं. पाच-सहादा जावं लागतं. आणि सगळं काळंकुट्ट होतं. मला भीती वाटते."
काळं होणार हे डॉ. नं प. ला एकट्याला सांगितलं होतं. प. नं ते खिशात ठेवलं. बायकोला कसं सांगायचं म्हणे असलं! आणि आग पडते, जावं लागतं, ती मला थेरं वाटली.
आता समोर उभी राहून गिळायला लावते. तीन वेळा. जीभ बाहेर काढ म्हणते, दाखव म्हणते.

३ मार्च, शनि.
काय लिहू.
अंगणात बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ घोटत होते. चंपाबाई, आमचा मागचा संडास साफ करायला येते ती, टोपली घेऊन दहा हातांवर उभी. रोज येते, रोज जाते. आज हलेना.
"अक्का, बोलू का?"
"बोल की."
"रागवायचं नाही. तुमच्या घरात कोणाला तरी रक्त पडतंय. शेंबडासारखं, त्यात रक्त. कधी कधी नुसतं रक्तच. मागच्या दिवाळीच्या किती आधीपासून बघते मी."
हातातला चाटू थांबला. म्हटलं, "इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं?"
तर माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "कोणाशी बोलू? पाणी वरून ओतता, भाकर लांबून टाकता. तुम्ही कधी थांबलात का माझ्याशी बोलायला? आता ऐकलं, सून गरवार आहे. म्हणून राहवलं नाही."
पीठ खाली लागलं. सगळं हंडाभर टाकून दिलं.
नाव सुद्धा तिचं आज विचारलं. नऊ वर्षं येते आहे. डॉक्टरला दिसलं नाही, जिजीला दिसलं नाही, मी एका घरात राहून बघितलं नाही. दिसलं ते तिला. आणि तिला आम्ही माणसांत धरत नव्हतो. थू माझ्यावर.

४ मार्च, रवि.
प. ला बाहेर पाठवलं. दार लावून इंदूला समोर बसवली. म्हटलं, खरं सांग, मारणार नाही.
दीड वर्ष. दीड वर्ष रोज थोडं थोडं. आधी वाटलं उष्णता. मग पोटात पिळे, दिवसातून आठ-आठ वेळा. पहाटे आमच्या आधी उठायची ते कामाच्या ओढीनं नव्हे, संडास मोकळा मिळावा म्हणून. आणि मी गल्लीभर सांगत होते, माझी सून चारला उठते.
"सांगितलं का नाहीस?"
"कुठून रक्त जातं ते कसं सांगू, आत्याबाई? आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, सासरी अक्षर काढू नको, रोगट पोर गळ्यात बांधली म्हणतील."
"आणि ओटी भरत होतो तेव्हा?"
"तुम्ही सगळ्या किती खूश होतात. मला वाटलं, असेलही."
हे ऐकून हात उचलला होता मी. तिच्या अंगावर नाही, स्वतःच्या कपाळावर मारून घेतला.

६ मार्च, मंगळ.
प्रसूतिगृहातल्या नर्सबाईकडे नेली. तिनं नीट तपासलं. बाहेर येऊन हळू म्हणाली, "अक्का, पोटात मूल नाही. अंगात रक्तच उरलं नाही तर पाळी कुठून येणार?"
दोन महिने आम्ही बाळाचं नाव ठरवत होतो.
प. जेवला नाही. "लोक काय म्हणतील?" एवढंच. म्हटलं, लोकांचं मी बघते, तू बायकोकडे बघ. तो ताटाकडे बघत बसला.

११ मार्च, रवि.
आबा आणि जिजी आले. बातमी यावलला आमच्या आधी पोचलेली.
जिजी: "आमचं हसं केलं. पाच बायकांत बसून ओटी भरून घेतली खोटी. हिरवं लुगडं द्या परत. माझ्या सुनेला दिवस आहेत, तिला होईल."
इंदूनं आतून आणून दिलं. घडी केलेलं. जिजीनं घडी उलगडून डाग आहे का बघितला. डाग! त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.
आबांसमोर तीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आज ढळला तर ढळला. म्हटलं, "आबा, खोटं त्या पोरीनं सांगितलं नाही. डोहाळे म्हणाली जिजी, नाचले मी, मान डोलावली तुम्ही. ती फक्त माती खात होती. उपाशी गाय चिंध्या खाते तसं तिचं अंग काहीतरी मागत होतं, आणि आम्ही तिला केळी आणि लुगडं देत होतो."
आबा: "आवाज खाली कर. आजारी सून घरात ठेवून परभाचं कसं व्हायचं? माझ्या ओळखीचा वैद्य शे मेहरूणले. त्याले दाखव. तो म्हणीन तसं कर."
केलं कबूल. आणखी काय करणार होते. जिजी लुगडं काखेत घेऊन गेली.

१५ एप्रिल, रवि.
महिना होऊन गेला. वैद्यबुवांचं पथ्य: ताक-भात. नुसतं. भाजी नको, डाळ नको, गूळ नको, भाकरी नको, आतडं नाजूक आहे. पिळे थोडे कमी झाले हे खरं. रक्त थांबलं नाही. आणि पोरगी कागदासारखी झाली. काल घागर उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली. जिभेवर कातडं नाही, गुळगुळीत लाल. भात झोंबतो म्हणते.
वैद्यबुवांना विचारलं, अहो, रक्त चाललंय त्याचं काय? म्हणाले, आधी अग्नी सुधारू दे. म्हटलं, अग्नी सुधारेस्तोवर ही उरली पाहिजे ना! तर म्हणाले, बाई फार बोलता.
अजून बोललेच कुठे आहे मी.
आणि माती चालूच. आता लपवत नाही. मी पण ओरडत नाही.

६ मे, रवि.
आखाजी (अक्षय्य तृतीया) पुढच्या रविवारी. गल्लीत झोके बांधायला घेतलेत, लेकी माहेरी येऊ लागल्यात. आमची माहेरी जायची. अमळनेरजवळ खेडं तिचं.
दुपारी प. ट्रंकेत तिची लुगडी भरत होता. सगळी. थंडीतली शाल सुद्धा. मे महिन्यात शाल? माझ्या मनात लकाकलं. म्हटलं, परभा, इकडे बघ.
बघेना. मग एकेक शब्द काढला त्याच्या तोंडातून. आबांचं पत्र आलंय जिनिंगच्या ऑफिसात, तो कामाला जातो तिथं, घरी नाही. इंदूला आखाजीला धाडायचं. सगळ्यांच्याच जातात, कोणी काही म्हणणार नाही. आणि मग आणायला जायचं नाही. भांडण नाही, फारकती नाही, बोभाटा नाही. नुसतं आणायला जायचं नाही. पाऊस येईल, पेरण्या होतील, दिवाळी येईल. तोवर सुटेल आपोआप, एक ना दुसऱ्या तऱ्हेनं.
"एक ना दुसऱ्या तऱ्हेनं म्हणजे काय रे?"
"आई, मी नाही म्हणालो तसं. आबा म्हणाले."
पाठीत धपाटा घातला. सव्वीस वर्षांचा घोडा. त्याला लागलं नसेल, माझाच हात हुळहुळतो आहे.
सण आहे तो लेकींचा! लेकी झोक्यावर बसून गातात. त्या सणाला ह्यांनी घरातून काढायची वाट शोधली.

११ मे, शुक्र. धुळे.
ट्रंक भरलेलीच होती. म्हटलं, चल, मी पोचवते. प. ला वाटलं माहेरी. मी तिकिटं धुळ्याची काढली. नर्सबाईनं सांगितलं होतं, तिथं एक डॉक्टर आलाय मुंबईला शिकून, आतड्याचं बघतो.
चाळीसगावला गाडी बदलताना पूल चढायचा. सहा पायऱ्या आणि थांबा, सहा पायऱ्या आणि थांबा. हमाल म्हणाला, "माय, पाठुंगळी घेऊ का लेकीला?" लेक म्हणाला तो. मी सून आहे असं सांगितलं नाही.
दुसऱ्या गाडीत इंदू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. छातीचं धडधडणं माझ्या मांडीला लागत होतं.

१२ मे, शनि.
डॉ. तरुण आहे. चश्मा. चिडका. पण इंदूशी बोलला! माझ्याशी नाही, तिच्याशी. "ताई, केव्हापासून? किती वेळा? कळ येते का? लाजू नका, मी दिवसभर हेच ऐकतो." तिनं सगळं सांगितलं. नळी घालून बघितलं.
बाहेर येऊन मला म्हणाला, "नुसती आंव नाही. क्षय नाही. मोठ्या आतड्याला आतून सुजून जखमा झाल्यात. रोज चमचाभर रक्त जातं. दीड वर्ष. रक्तात लोखंड असतं, ते बाहेर गेलं, अंगातला साठा संपला. लोखंड नाही तर नवं रक्त कशाचं करणार शरीर? तिसरा हिस्सा उरलंय."
चमचाभराला कोण भितं? मी पण म्हटलं असतं, एवढंच ना.
गोळ्यांचं सांगितलं. जीभ बाहेर काढायला लावत होते ते पण सांगितलं, लपवलं नाही. त्यानं चश्मा काढून पुसला. मग म्हणाला, "लोखंड बरोबर होतं, वाट चुकीची होती. सुजलेल्या आतड्याला त्या गोळ्या झोंबतात, आणि अंगी लागतही नाहीत. हिला सुईनं द्यावं लागेल. मुंबईहून मागवतो. पण आधी रक्ताची बाटली. दोन लागतील. कोण देणार?"
माती का खाते ते विचारलं. "लोखंड संपलं की खातात काहीजणी. डोहाळेच असतात असं नाही."
असं नाही! एवढं एक वाक्य जानेवारीत कोणी म्हणालं असतं तर.

१३ मे, रवि. आखाजी.
विहीणबाई आल्या. निरोप धाडला होता. दारातूनच रडत. "मन्ही पोर! काय व्हयनं मन्ही पोरले!" मी मनात धरून ठेवलं होतं बोलायचं, की तुम्हीच तिचं तोंड शिवून पाठवलंत. बोलले पण. खूप बोलले. त्या म्हणाल्या, "बोल माय, बोल. मन्हीच चूक शे." मग काय बोलणार. माझी तरी कुठे कमी आहे.
त्यांनी बाही वर केली. "मन्हं रगत ल्या." बोटातून थेंब घेऊन डॉ. नं तपासलं. जुळत नाही. म्हातारी तिथंच फरशीवर बसली.
बाहेर झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. इंदूनं खिडकी लावायला सांगितली.

१४ मे, सोम.
प. आला. तार केली होती. बोट टोचलं, थेंब घेतला. जुळलं! डॉ. हसला सुद्धा पहिल्यांदा. म्हणाला, चला, झोपा.
प. उभाच.
"आबांना विचारून येतो."
डॉ.: "तुमचं रक्त आहे की आबांचं?"
मग निघालं पोटातलं. आबा आधीच सांगून बसलेत. नवऱ्याचं रक्त बायकोच्या अंगात गेलं की एकरक्त झालं. एकरक्त म्हणजे बहीणभाऊ. मग संसार कसला, ते पाप. गोत्र बुडालं. जिजीनं माहितीतलं उदाहरण पण दिलंय, कुठल्या गावचं कोण जाणे.
डॉ. नं समजावलं. चार महिन्यांत दिलेलं रक्त नाहीसं होतं, नवं तिचंच तयार होतं, नात्याचा काही संबंध नाही. प. मान हलवत होता. ऐकत नव्हता, घाबरला होता. सुईला घाबरला, आबांना घाबरला, पापाला घाबरला, कशाला ते त्यालाच ठाऊक. दुपारच्या गाडीनं गेला. ऑफिसात काम आहे म्हणे.
इंदूनं विचारलं, गेले का? म्हटलं, पाणी आणायला गेलाय. तिनं डोळे मिटले. तिला कळलं.
लहानपणी पोराला कुत्र्याच्या भीतीनं पदराखाली घ्यायची मी. फार दिवस घेतलं.

१५ मे, मंगळ.
माझं बोट टोचा म्हटलं. डॉ. नं वय विचारलं. अठ्ठेचाळीस सांगितलं. चार वर्षं गिळली, देव बघून घेईल. शिक्षण विचारलं, कागदावर लिहायचं होतं. म्हटलं, पोराच्या पाटीवर. "म्हणजे?" म्हणजे तो गिरवायचा, मी भाकरी थापता थापता बघायची.
जुळलं.
शेजारच्या खोलीत आडवं केलं. सुई जाड. काचेची बाटली खाली, त्यात माझं भरत होतं. काळसर दिसतं, मला वाटलं होतं लाल भडक असेल. सिस्टर म्हणाली, "अक्का, मूठ उघडझाप करा, पीठ मळतात तशी." तेवढं येतं मला.
मग तीच बाटली इंदूच्या खाटेला उलटी टांगली. थेंब थेंब. चार तास. विहीणबाई थेंब मोजत होत्या, मधेच चुकायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणाल्या, "बहीन, आते ती तुन्हीच पोर व्हयनी."
म्हटलं, हो तर. आबांच्याच हिशेबानं. आता ती माझी लेक, परभा माझा जावई. येऊ दे, पाटावर बसवते, चहा देते, आणि विचारते, जावईबापू, लेकीला आणायला का आला नाहीत?
इंदू हसली. ओठ हसले आधी, मग डोळे. संध्याकाळी ओठांना रंग होता, फिका, पण होता.
मला घेरी आली दोनदा. कोणाला सांगितलं नाही.

२३ मे, बुध.
मुंबईहून सुया आल्या. लोखंडाचं पाणी, तपकिरी, गंजासारखं. सिस्टर कमरेखाली कातडी एका बाजूला ओढून टोचते, नाहीतर डाग पडतो. तरी पडलाच एक, चहाच्या कपाचा पडतो तसा. इंदूला फार दुखतं. उशी चावते. दिवसाआड एक.
पोटासाठी वेगळ्या गोळ्या, सल्फाच्या. रक्त कमी झालंय, बंद नाही. डॉ. म्हणाला, "हा आजार जातो आणि येतो. बरा झाला असं मी लिहून देणार नाही. पण रक्त जातंय हे लगेच सांगितलं तर इथपर्यंत वेळ येणार नाही."
खायला काय? डाळ, गूळ, अंडं. अंडं म्हटल्यावर विहीणबाईंनी कान धरले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच उकडून आणलं.

२८ मे, सोम.
आबांचं पत्र, धुळ्याच्या पत्त्यावर. "तू घराण्याला विचारल्याशिवाय केलंस. सुनेला सासूचं रक्त दिलं हे कुठं ऐकलं नाही. आता ती पोरगी परभाची बहीणच झाली, आईचं रक्त म्हणजे तेच. हा संबंध आता तुटला असं आम्ही समजतो."
वाचून इतकी चिडले की हसू आलं. नवऱ्याचं दिलं तर बहीण, सासूचं दिलं तर बहीण, न दिलं तर मढं. तिसरंच ह्यांना सोयीचं होतं!
उत्तर लिहिलं. पहिल्यांदा आबांना पत्र माझ्या हातचं. "परभाला एकोणीस महिने माझं दूध दिलं आणि गाईचंही दिलं. मग ती गाय तुमची कोण?" खाली सही पूर्ण नावानं केली. पेटीत टाकलं की परत काढता येत नाही पत्र, ते बरं आहे.

१ जून, शुक्र.
रात्रीत रक्त जास्त गेलं. इंदूनं पहाटे मला हलवून उठवलं आणि सांगितलं, "आत्याबाई, आज खूप गेलं. नुसतं रक्त होतं." स्वतःहून सांगितलं! आनंद करावा की घाबरावं. दोन्ही केलं.
डॉ. नं डोळे बघितले. दुसरी बाटली लागणार. माझं पुन्हा घेणार नाही, दोन महिने तरी. वयाचं पण त्याला समजलंय, विहीणबाई बोलल्या कुठेतरी. धुळ्यात ओळखीचं कोणी नाही. विकत देणारा एक आहे म्हणतात, तो आठवड्यापूर्वीच देऊन गेला, त्याचंही आता घेत नाहीत.
प. ला तार. ह्या वेळी मी फक्त दोन शब्द घातले: बाटली. रविवार.

३ जून, रवि. सकाळ, साडेसहा.
परभा पहिल्या गाडीनं आला. दाढी वाढलेली. आत आला नाही, व्हरांड्यातल्या बाकावर बसलाय. आबांनी दिलेली नाही, मी दिलेली जुनी पिशवी आहे जवळ. आत काय आहे ते विचारलं नाही. राहायचे कपडे असतील किंवा नसतील.
म्हणाला, "आई, आबा म्हणाले, तिकडं गेलास तर इकडं येऊ नको."
"मग आलास कसा?"
"माहीत नाही."
एवढंच खरं बोलला आजवरच्या आयुष्यात. राग जाईल असं वाटलं, गेला नाही. चाळीसगावच्या त्या पुलावर सहा-सहा पायऱ्या मी चढवल्यात, तो नव्हता. तरी पण जवळ बसावंसं वाटलं. बसले नाही.
आत आले. इंदू उठून बसलेली, केस विंचरलेले. तिनं त्याचा आवाज ऐकला होता. म्हणाली, "आत्याबाई, त्यांना सांगू नका काही. रडू नका त्यांच्यापुढं, ओरडू पण नका. तुम्ही ओरडलात म्हणून दिलेलं मला नको."
"आणि नाही दिलं तर, वेडे?"
ती खोलगट नखांनी चादरीची सुरकुती सरळ करत बसली. एका नखाच्या मुळाशी नवं नख सपाट येतंय. तिला दाखवलं नाही अजून.
आठ वाजता सिस्टर बाहेर येऊन विचारणार, रक्त कोण देणार म्हणून. व्हरांड्यात दोघंच आहेत, परभा आणि एक म्हातारा खोकतोय. विहीणबाई देवाला हात जोडून बसल्यात. मी हात जोडलेले नाहीत, हातात टाक आहे.
दीड तास आहे. तोंडाला कुलूप लावून दीड तास बसणं मला बावन्न वर्षांत जमलेलं नाही. चहा करते. चार कप. त्याचाही.